सखाबाईचा अंगठा

॥ श्री ॥

भंडारा
ता. ६ जानेवारी १९८२

तीर्थस्वरूप इश्वरदादा व सौ. रुखमावहिनी यांस,
धाकट्या खुशालचा सा. न. वि. वि.

मी सोमवारी सुखरूप पोचलो. कारध्याच्या पुलावर बस अर्धा तास उभी होती, तरी हजेरीच्या आधी दहा मिनिटे वर्गात होतो. ट्रंकेचे कुलूप वाटेत आपोआप उघडले. पण आत वहिनीने दिलेल्या मुरमुऱ्याच्या लाडवांशिवाय चोरण्यासारखे काही नव्हते आणि लाडवांचा वास कोणाला लागला नाही.

आमचा कामगार शिक्षण वर्ग बाजारामागच्या एका धर्मशाळेत भरतो. चोवीस जण आहोत. बिडीवाले, राईस मिलचे हमाल, मँगनीजच्या खाणीतले, तलावात मासे धरणाऱ्या ढिवर सोसायटीचे दोघे. युनियनने गावागावातून माणसे पाठवायची, त्यांनी इथे शिकायचे आणि परत जाऊन आपल्या लोकांना शिकवायचे, असे आहे. मी सातवी नापास, पण अर्ध्या वर्गापेक्षा जास्त शिकलेला निघालो. म्हणून फळ्यावरचे उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. शेजारी कारध्याचा तुलाराम बसतो. तो पोती उचलतो. माझे अक्षर पाहून म्हणाला की, अबे, तू बिड्या वळतो का मोती ओवतो?

परसराम सर नागपूरहून आले आहेत. पुस्तक उघडत नाहीत, माणसालाच उघडतात. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारले की तुमच्या घरी काम कोण करते आणि कोणाच्या नावाने करते. माझी पाळी आली तेव्हा मी खरे ते सांगितले. आमची वहिनी रोज हजार बिड्या वळते, ठेकेदाराकडून पान-तंबाखू मिळण्याचे कार्ड मात्र आईच्या, म्हणजे सखाबाईच्या नावाचे आहे. सरांनी विचारले, आई काय करतात? मी म्हटले, आई शहात्तर सालीच गेली. वर्ग हसला. मग मला उभे राहून समजावून सांगावे लागले की ठेकेदार नवे नाव घेत नाही, म्हणून सासू मेली की सून तिच्याच नावाने वळते आणि नाव कटू नये म्हणून मरणाची नोंदही कोणी ग्रामपंचायतीत करत नाही. सर तेवढे हसले नाहीत. म्हणाले, यंदा बिडी कामगारांची ओळखपत्रे होणार आहेत. जी स्वतःच्या नावाने कागदावर नाही, तिला दवाखाना नाही, फंड नाही, लेकरांची शिष्यवृत्ती नाही.

माझ्या डोक्यात रात्रभर तेच राहिले. वहिनीने श्यामलाल ठेकेदाराकडे स्वतःच्या नावाचे कार्ड मागावे, असे मला वाटते. वर्ग शनिवार ता. २७ फेब्रुवारीला संपेल. त्याच संध्याकाळच्या बसने मी घरी येईन. रविवारीही इथे काम असते, मधे येता येणार नाही.

चि. शकुनला गोड पापा. आपली माया या दूरच्या माणसावरून काढून घेऊ नये.

आपला आज्ञांकित,
खुशाल

•

अड्याळ
ता. १२/१/८२

चि. खुशालले इश्वरचे अ. उ. आ.

तुही चिठ्ठी भेटली. मी वाचली, मंग तुह्या वहिनीले वाचून दाखवली. सातवी नापास माणूस लोकायले शिकवून राहिला म्हणून ते इतकी हसली का सूप सांडलं, तंबाखू साऱ्या आंगणात. शकुन रोज विचारते का काका मास्तर झाला का.

लाखोरीचं पीक चांगलं आहे. गाय अजून व्याली नाही. चौकातल्या सत्यभामाकाकूचं कंबर धरलं आहे, तरी ते बसून बसून बिड्या वळून राहिली.

आता कामाची गोष्ट. भर वर्गात मायचं नाव कायले काढलं गा? आपल्या एकट्या आळीत सात मेलेल्या बाया बिड्या वळून राहिल्या. मागच्या इलेक्शनात त्यातल्या चौघींनी मत टाकलं. हे साऱ्यायले माहीत आहे आणि कोणी बोलत नाही, म्हणून चुली पेटून राहिल्या. मायच्या तेरवीले श्यामलालच येऊन बोलला होता का नोंद कायले करता, नाव कटून जाईन. तुह्या डोळ्यासमोर बोलला. तू तवा पंधरा वर्षांचा होता, इसरला का?

वहिनी म्हणते का नाव काय चाटायचं आहे? शनिवारी मुनीम सखाबाई म्हणून हाक मारते, मी उठते, अंगठा देते, झालं. तेंदूचं पान चांगलं भेटलं म्हणजे पावलं.

श्यामलाल परवा आंगणात आला होता. खाटेवर बसला, पाणी पेला. भाऊ कोठी आहे, काय शिकून राहिला, कोणत्या दिवशी येणार, सारं विचारलं. मी सांगितलं २७ तारखेले. तो म्हणे, शिकू द्या, गावातला पोरगा हुशार झाला त मान आपल्यालेच. बोलण्यात काही वाकडं नव्हतं.

शहापूरची एक पोरगी तुह्यासाठी पाहून ठेवली आहे. वहिनी म्हणते का तिले आधीच सांगून टाकू, नवरा रोज शुद्धलेखन तपासन.

जीव लावून शिक. आमचा जीव तुह्यापाशी आहेच.

तुहा दादा,
इश्वर

•

॥ श्री ॥

भंडारा
ता. १९ जानेवारी १९८२

तीर्थस्वरूप दादा व वहिनी यांस सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. सत्यभामाकाकूंच्या कंबरेला एरंडाचे तेल गरम करून लावावे.

मागच्या आठवड्यात सरांनी आमच्याकडून नाटक करवले. मला मालक केले, तुलाराम मजूर झाला. मी त्याला इतक्या अदबीने नकार दिला की तो शेवटी वैतागून म्हणाला, मालक, एक शिवी त घाला, म्हणजे मले भांडता येईन. सर म्हणाले की हसू नका, शिवी न घालणारा मालक जास्त अवघड असतो.

दादा, आता जे लिहितो ते वाचून रागावू नये. अर्ज कसा लिहायचा हे शिकवले तेव्हा सरांनी प्रत्येकाकडून एक नमुना लिहून घेतला. बाकीच्यांनी अमुक गाव, तमुक मालक असे घातले. मला खोटे नाव सुचेना. मी खरेच लिहिले. रुखमा इश्वर सेलोकर, राहणार अड्याळ, सन १९७६ पासून श्यामलाल ठेकेदाराच्या कारखान्यासाठी घरी बिड्या वळते, तिला स्वतःच्या नावाचे कार्ड व ओळखपत्र मिळावे. मायबद्दल एक अक्षर लिहिले नाही. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, घरी विचार, हो म्हणाले तर कामगार कार्यालयात दे.

मी विचारले नाही. जानेवारीअखेर यादी बंद होईल असे कोणीतरी म्हणाले, आणि पत्र जाऊन येईपर्यंत मुदत निघून जाईल या भीतीने मी शुक्रवारी अर्ज देऊन आलो. पोच घेतली आहे. आपल्याला न विचारता केले, याचे मला चार दिवस वाईट वाटत आहे. पण कार्ड हातात आले म्हणजे वहिनी मला माफ करील, असे वाटते.

रागावलात तरी पत्र थांबवू नये, एवढेच मागणे.

आपला,
खुशाल

•

अड्याळ
ता. २/२/८२

चि. खुशालले इश्वरचे अ. उ. आ.

तुही चिठ्ठी वाचून मी दोन दिवस पेन हातात धरला नाही. शेवटी वहिनी म्हणाली का पोरानं माझ्यासाठी केलं, शेजारणीसाठी नाही. म्हणून लिहून राहिलो.

पण गोष्ट उलटी झाली बाप्पा. आम्हाले वाटलं आता पान बंद होते. शनिवारी वहिनी बिड्यांचे कट्टे घेऊन कारखान्यात गेली त श्यामलालनं तिले खुर्ची देली. सहा वर्षांत तिले कोणी खुर्ची देली नव्हती, ते कोरेवर बसली, पडली अस्ती. चहा पाजला. तुह्या अर्जाची नकल त्याच्या टेबलावर होती. सरकार मालकापाशी नकल पाठवते म्हणे उत्तरासाठी. तुले माहीत होतं का?

तो म्हणे, रुखमाबाई, हक्काची गोष्ट आहे, मी कोण नाही म्हणणारा? पण आधी सखाबाईचं कार्ड पक्कं होऊ द्या, मंग तिच्या जागी तुमचं नाव चढवतो. त्यासाठी फारम आहे, अंगठा द्या. मुनीमानं घाईघाईत वाचून दाखवलं. वहिनीनं दर शनिवारी देते तसा अंगठा देला. मायच्या नावानं. मंग त्यानं बिन फाटकं, कवळं पान देलं दोन पुडे. असं पान आळीत कोणाले भेटलं नाही.

ते खूश आहे. मीही खूश आहे. एकच गोष्ट लिहितो. घरी आल्यावर ते म्हणाली का फारमवर वरतून नोटेसारखं चित्र होतं. आणि मुनीम वाचत होता तवा मधात एकदा तुहं नाव आलं.

काही नसन. तुही आठवण सारेच काढतात. वाट पाहणारे आहोत, हे ध्यानात असू दे.

इश्वर

•

॥ श्री ॥

भंडारा
ता. ५ फेब्रुवारी १९८२

तीर्थस्वरूप दादांस सा. न. वि. वि.

आपले पत्र मी आज पाच वेळा वाचले. जेवण गेले नाही.

नोटेसारखे चित्र असलेला कागद म्हणजे स्टॅम्प पेपर. ओळखपत्राच्या अर्जाला स्टॅम्प पेपर लागत नाही. कोरा अर्ज इथे माझ्यापुढे आहे, पिवळट कागद, एकच पान, चित्र कुठेही नाही. मी सरांना विचारले. त्यांनी चष्मा काढला आणि विचारले की बाईंनी नेमके कोणाच्या नावाने अंगठा दिला. मी ते सांगितले. कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नये, हा पाठ त्यांनी पुढच्या आठवड्यात ठेवला आहे.

वहिनीला शांतपणे, न घाबरवता विचारावे. कागद एक होता की दोन. ओळी पानभर होत्या की अर्ध्या. साक्षीदार म्हणून कोणी सही केली का. माझ्या नावाच्या आधी किंवा नंतर कोणता शब्द होता, तिला एखादा जरी आठवत असेल तरी लिहावा. आणि आपण स्वतः जाऊन त्या कागदाची नक्कल मागावी. भांडू नये. फक्त मागावी.

अर्जाची एक नक्कल मालकाकडे जाते, हे मला माहीत नव्हते. अर्ज कसा लिहायचा ते मी शिकलो. तो पुढे कुठे कुठे जातो ते विचारायला हवे होते.

वहिनीला माझा दंडवत. तिच्या पायाशी बसून क्षमा मागायची आहे, ती येईन तेव्हा.

खुशाल

•

अड्याळ
ता. ११/२/८२

चि. खुशाल यास आशीर्वाद.

मी गेलो होतो. वाटलं हाकलून देईन. त्यानं खुर्ची देली. मलेही.

मी म्हटलं का मायच्या अंगठ्याचा कागद पाहायचा आहे. तो हसला नाही, चिडला नाही, टेबलाच्या खणातून काढला आणि म्हणे, घे, लिहून घे, तुहा भाऊ शिकलेला आहे, त्याले पाठव. मुनीमानं मले पेन देला. मी बसून उतरवलं. चुका झाल्या असन, तू दुरुस्त करशीलच. असं आहे :

मी सखाबाई जौजे गोमाजी सेलोकर, वय ६२, राहणार अड्याळ, प्रतिज्ञेवर लिहून देते की, माझा लहान मुलगा खुशाल याने दिवाळीत माझ्यासमोर म्हटले की वर्ग करून घरी येईन त्या दिवशी ठेकेदाराचे पानाचे गोदाम पेटवीन. मी आई असून समजावले, तो ऐकत नाही. माझी सून रुखमा ही घरकाम करते, बिडी वळत नाही. पुढे अनर्थ होऊ नये म्हणून हे माझ्या राजीखुशीने लिहून दिले.

खाली अंगठा. बाजूले मुनीमाची आणि अजून कोणाची सही.

मी म्हटलं, शेठ, माय त... आणि थांबलो. तो माझ्या तोंडाकडे पाहून राहिला होता. म्हणे, बोल ना, माय काय? मी पेन मुनीमाले परत देला. तो म्हणे, मी हा कागद कोठी नेऊन राहिलो नाही, खणात आहे, खणातच राहीन. खुशाल २७ लेच येऊन राहिला ना? बसस्टँडवर हार घेऊन माणूस पाठवतो.

वहिनीले वाचून दाखवलं. ते भिंतीले टेकून बसली. म्हणाली, माझ्याच हातानं?

अजून एक. चार दिवस झाले, गोदामातून ट्रक भरभरून पान जाऊन राहिलं. ह्या दिवसांत कधी जात नाही. मागच्या साली भिजलेलं काळं पान तेवढं आत राहिलं आहे, म्हणून हमाल सांगत होता. आम्हाले त्यातलं काही समजत नाही, तुले समजते का?

काय करू ते लिही. तुह्या अक्षराचाच आधार आहे.

इश्वर

•

॥ श्री ॥

भंडारा
ता. १५ फेब्रुवारी १९८२

तीर्थस्वरूप दादा व वहिनी यांस कृ. सा. न. वि. वि.

मला समजते. न समजते तर बरे होते.

गोदामाचा विमा आहे. चांगले पान बाहेर गेले, कुजके आत राहिले; जळाले की भरपाई चांगल्या पानाची मिळेल. मी २७ तारखेला संध्याकाळी बसमधून उतरेन, गाव मला पाहील, ठेकेदाराचा माणूस मला हार घालील, म्हणजे मी त्या दिवशी गावात होतो याला सारे साक्षी. त्यानंतर गोदाम जळेल. आणि मी ते जाळणार होतो हे सांगणारी माझी स्वतःची आई असेल.

सरांना सगळे दाखवले. ते म्हणाले, आई मेली आहे हे सिद्ध केले की कागद रद्दी. मी विचारले, कसे सिद्ध करायचे? नोंद नाही. मतदार यादीत ती जिवंत आहे. ठेकेदाराच्या चोपड्यांत सहा वर्षांचे अंगठे आहेत आणि ते सगळे त्या कागदावरच्या अंगठ्याशी तंतोतंत जुळतात, कारण बोट एकच आहे. कोर्टात तिला हजर करा म्हटले तर तो म्हणेल म्हातारी मधल्या काळात वारली. मायचे मरणसुद्धा आता त्याच्या सोयीने होईल.

आणि दादा, वहिनीने खरे सांगितले तर? मी सरांना तेही विचारले. दुसऱ्याच्या नावाने अंगठा देणे म्हणजे तोतयेगिरी. खोट्या प्रतिज्ञापत्राचा गुन्हा वेगळा. तिला आधी आत बसवतील आणि मग काय ते ठरवतील. एक सखाबाई मेली असे निघाले की पाठोपाठ बाकीच्या सहा जणी निघतील आणि आळीतले पान बंद होईल. सर म्हणतात, तरीही खरे सांगणेच शेवटी कामी येते. सरांच्या घरी कोणी बिड्या वळत नाही.

म्हणून मी ठरवले आहे. मी घरी येणार नाही. मी आलो नाही तर गोदाम जळण्यात त्याचा फायदा नाही. २७ ला प्रमाणपत्र घेऊन तुलारामच्या मेहुण्याबरोबर बालाघाटकडे खाणीवर जाईन. किती वर्षे ते ठाऊक नाही. तो कागद खणात आहे तोवर. कोणी विचारले तर खुशाल घरच्यांशी भांडून गेला असे सांगावे. शहापूरच्या मुलीकडे निरोप पाठवून मोकळे करावे.

वहिनीला हे सावकाश वाचून दाखवावे. तिचा दोष नाही. दोष माझ्या घाईचा आहे. माझ्या वाट्याची माया शकुनला द्यावी.

खुशाल

•

अड्याळ
ता. २०/२/८२

चि. खुशालले आशीर्वाद.

वाचून दाखवली. ते म्हणाली, पुन्हा वाचा. मंग तोतयेगिरी म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. आत बसवणे म्हणजे किती दिवस ते विचारलं, मले माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा वाचायले लावली आणि मंग उठून भाकरी थापायले गेली. तव्यावरची भाकर जळून गेली, तिनं पलटवली नाही.

दुसऱ्या दिवशी एवढंच बोलली का ज्या घरात पोराले येता येत नाही त्या घरात मी कोणाच्या नावानं राहू? मी म्हटलं, येडी झाली का? ते सूप घेऊन आंगणात गेली.

मले भेव लागून राहिलं खुशाल. दुपारच्या वेळी बाया आपल्या आंगणात जमतात. सत्यभामाकाकू कंबर धरून धरून येते. मी आलो का बोलणं बंद, साऱ्या खाली पाहून बिड्या वळतात. काल वहिनीनं मले विचारलं का माय कोणत्या दिवशी गेली. मी म्हटलं तान्ह्या पोळ्याले, तुले माहीत नाही का, तूच त आंघोळ घातली तिले. ते म्हणे माहीत आहे, तुमच्या तोंडून आयकायचं होतं.

श्यामलालनं पुन्हा पान चांगलं देलं. तिनं घेतलं नाही, खराबच द्या म्हणाली. तो पाहतच राहिला म्हणते सत्यभामाकाकू.

गोदामाले कुलूप नसते आजकाल.

तू तिले समजाव. माझं आयकत नाही. आपलं माणूस म्हणून तुहं आयकन.

इश्वर

•

॥ श्री ॥

भंडारा
ता. २३ फेब्रुवारी १९८२

सौ. रुखमावहिनीस खुशालचा साष्टांग नमस्कार.

पोस्टावर भरवसा नाही, म्हणून हे तुलारामच्या हाती पाठवत आहे. दादांनी लगेच वाचून दाखवावे.

वहिनी, तू काही करू नकोस. काल मी कचेरीजवळ बसणाऱ्या एका अर्जनवीसाला नाव न सांगता विचारले. तो म्हणाला की अशा बाईला जामीन द्यायला कोणी उभे राहत नाही. शकुन सहा वर्षांची आहे. मी एकटा आहे, कुठेही राहीन. माय गेली तेव्हा मला तूच जेवू घातलेस. मी तुला तुरुंगात घालून घरी जेवायला येऊ का? तुला माझी शपथ आहे. तू शनिवारी नेहमीसारखी जा, सखाबाई म्हणून हाक मारली की ऊठ. मी कुठेतरी सुखात आहे असे समज.

घाईत लिहिले आहे, खाडाखोड झाली. तेवढे पोटात घालावे.

खुशाल

•

पवनी
ता. २५/२/८२, गुरुवार

चि. खुशालले इश्वरचे आशीर्वाद.

हे मी ठाण्याच्या पायरीवर बसून लिहून राहिलो. तुहा तुलाराम काल दुपारी आला. वाचून दाखवली. तिनं पूर्ण आयकली, आणि तुलारामले जेवू घातलं. म्हणाली, भाऊजीले सांगा, आपल्याच जिवाची शपथ अशी घालत असतात काय?

मंग कळलं का ते सकाळीच ग्रामपंचायतीत जाऊन आली होती. मायची नोंद करायले. सेक्रेटरी म्हणे सहा वर्षांचं जुनं मरण मले लिहिता येत नाही, तहसीलदाराचा हुकूम आणा. म्हणून आज पहिल्या बसनं ते निघाली. मी आडवा झालो. ते म्हणे, तुम्ही आडवे झाले त मी पायी जाईन. बसमध्ये चढलो त पाहतो, सत्यभामाकाकू बसली आहे. तिच्या मांगं बाकीच्या पाच.

पवनीले उतरल्यावर ते तहसीलीत गेली नाही, सरळ ठाण्यात शिरली. जमादाराले वाटलं चोरी झाली. वहिनी म्हणाली, चोरी नाही, माझं नाव रुखमा इश्वर सेलोकर, सखाबाई माझी सासू, ते तान्ह्या पोळ्याले मेली शहात्तर साली, तिले मी आंघोळ घातली, आणि ठेकेदाराच्या खणात तिच्या नावाचा जो कागद आहे त्यावर अंगठा माझा आहे. कागदातलं बोलणं माझं नाही. माझा देर खुशाल कोणाचं गोदाम जाळणार नाही. तो घरी येऊन राहिला, तवा तिथं आग लागली त ते कोणी लावली हे आधीच लिहून ठेवा.

जमादार लिहायचा थांबला. म्हणे, बाई, तुम्हाले समजते का, हे तुमच्यावरच येते. ते म्हणाली, समजते, भाऊजीनं सारं गुन्ह्याच्या नावासकट लिहून पाठवलं आहे, मी तीनदा वाचून घेतलं. तू तिले भेव दाखवायले लिहिलं होतं, खुशाल. ते त्याच्यातून शिकून आली.

जबानी झाली. तिले आत बसवलं आहे. उद्या मॅजिस्ट्रेटपुढे नेतील म्हणतात. मले भेटू देलं. तिचा निरोप असा आहे : शनिवारी ये. उजेडाच्या बसनं ये, सर्टिफिकेट हातात घेऊन स्टँडवर उतर आणि भर रस्त्यानं घरी जा. बालाघाट-फालाघाट काही नाही. शकुनची वेणी घालायले कोणी नाही, ते सत्यभामाकाकूच्या सुनेले सांग.

सहाही बाया अजून दारात बसून आहेत. त्यायले आपआपली नावं सांगायची आहेत. जमादार म्हणे आज नाही, कागद संपले, उद्या या. त्या म्हणतात बसतो. सत्यभामाकाकूले बसवत नाही, ते खांबाले धरून उभी आहे. तिची जाऊ एकोणसत्तर साली मेली, तिचं नाव हे तेरा वर्षं चालवून राहिली. मघा शिपायानं विचारलं त आपलं नाव सांगायले तिले घडीभर लागलं.

श्यामलालची जीप दुपारपासून समोर लिंबाखाली उभी होती. तो उतरून माझ्यापाशी आला. आजही शिवी नाही देली. म्हणे, इश्वर, साऱ्या बाया इकडेच आणल्या का? घरी कोणी ठेवलं नाही? मी म्हटलं नाही. म्हणे, बरं.

मी इथून हलत नाही, ते एकटी आहे. तू ये. आमचा जीव जसा तुह्यात आहे तसा तुहा आमच्यात राहू दे, यापेक्षा जास्त मागत नाही.

तुहा दादा,
इश्वर

ता. क. चिठ्ठी डब्यात टाकायले उठलो त पाहिलं, जीप अड्याळच्या रस्त्यानं गेली. आपल्या घरी आज एकही मोठं माणूस नाही. चार वाजता शाळा सुटते, शकुन एकटी घरी येईन, आणि इथून अड्याळची बस आता सहाशिवाय नाही. हे तुले शनिवारच्या आधी भेटलं त शनिवारची वाट पाहू नको.